खालच्या खिळ्यावरचं फडकं

निघताना माझ्या पर्समध्ये एकवीस प्रश्नांचा कागद होता. सासूबाईंच्या मते त्यातला एकही प्रश्न कुणाला विचारायची गरज नव्हती, कारण उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. "जव्हारला कसली शाळा बघतेस? पोर राहील माझ्याजवळ," असं म्हणून त्यांनी जुईच्या स्वेटरची बटणं लावली आणि प्रवासासाठी पोह्याच्या पापडांचा डबा माझ्या हातात ठेवला. विरोध करतानाही डबा देणं हे आमच्या पेणचं वैशिष्ट्य आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. म्हणजे लोकांच्या जमिनी मोजते आणि बांधावरून भांडणाऱ्या भावांच्या मध्ये उभी राहते. पेणमध्ये सात वर्षं काढली आणि बदलीचा आदेश आला, जव्हारचा. माझा नवरा जयेश पेणजवळच्या कारखान्यात पाळीवर आहे, त्याला हलणं शक्य नव्हतं. मला जाणं भाग होतं. राहिली जुई, साडेचार वर्षांची. तिनं माझ्याबरोबर यायचं की आजीजवळ राहायचं, हे तिथल्या शाळेवर ठरणार होतं.

पेणला जुई एका चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या शाळेत जायची. टाय, चकचकीत बूट, सगळं होतं. शाळेत काही हवं असेल तर इंग्रजीतूनच मागायचं, असा तिथला नियम. लघवीला जायचं वाक्य जुईला तोंडपाठ होतं, घरी ती ते बाहुलीला शिकवायची. पण वर्गात बाईंसमोर ते तोंडातून निघायचं नाही आणि मग व्हायचं ते व्हायचं. "घरी सवयी लावा," असा निरोप वहीत यायचा. एक दिवस तांदळाच्या पिंपामागे मला तीन चड्ड्या सापडल्या, वाळून कडक झालेल्या. तिनं त्या लपवल्या होत्या. मी तिला ओरडले. आज लिहिताना लाज वाटते, पण ओरडले. त्यानंतर ती लपवण्यात जास्त पटाईत झाली, एवढाच त्याचा उपयोग.

जव्हारच्या शाळेचं मला कळलं ते खोली शोधताना. ऑफिसमधल्या एकानं गफूरचाचांचा नंबर दिला होता. त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर खोली रिकामी होती. भाडं ठरायच्या आधी चाचांनी विचारलं, बरोबर कोण? मी म्हटलं, मुलीचं अजून ठरत नाही, शाळेचा प्रश्न आहे. चाचा सुतार; फोनमागे चाललेला रंध्याचा आवाज थांबला. मग ते म्हणाले, "एक शाळा आहे बेटा. तिथलं लाकूड मी केलेलं आहे. येऊन बघून जा."

जव्हार

पेणहून जव्हारला पोचायला तीन गाड्या बदलाव्या लागतात. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की विक्रमगड सोडून गाडी घाट चढायला लागल्यावर जुईनं माझ्या ओढणीत उलटी केली, आणि शेजारच्या बाईनं आपल्या पिशवीतलं लिंबू काढून तिच्या नाकाशी धरलं. ती बाई मधल्याच एका फाट्यावर उतरून गेली. नावही विचारलं नाही मी.

डिसेंबर चालू होता. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे पंखा बंद करायचा, एवढीच थंडी. जव्हारला उतरलो तर संध्याकाळीच लोक कानटोप्या घालून फिरत होते. गफूरचाचांच्या घरी खाली सुतारकामाचा कारखाना आणि मागे-वर राहती घरं. सगळ्या घराला सागाच्या भुशाचा वास. त्यांची बायको, रुकय्याखाला, यांनी जुईला बघितलं, ओढणी बघितली, आणि आधी गरम पाण्याची बादली आणून ठेवली. चहा नंतर.

जेवायला नागलीची, म्हणजे आमच्या नाचणीची, भाकरी आणि अंड्यांचं कालवण होतं. आमची तांदळाची भाकरी पांढरीशुभ्र, घडी घातली तरी मोडणार नाही अशी. ही काळपट आणि जाड. जुईनं ती उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि दोन खाल्ल्या. खाला म्हणाल्या, "मी लगीन करून आले तेव्हा मला पण येत नव्हती. शेजारच्या पाड्याची एक बाई लाकडं घेऊन यायची, तिनं शिकवली. आता माझ्या बहिणी बोलतात, तू पूरी इधर की हो गई."

जेवणानंतर चाचांनी मला खाली कारखान्यात नेलं आणि शाळेसाठी केलेली एक लाकडी पट्टी दाखवली. पट्टीला ओळीनं दहा लहानमोठी भोकं आणि त्यांत बसणारे दहा गोल गट्टू, प्रत्येकाला वर बोंडासारखी मूठ. प्रत्येक गट्टू आपापल्याच भोकात बसला पाहिजे. मूल चुकलं तर शेवटी एक गट्टू उरतो, आणि मग कुणी न सांगता मुलाला आपली चूक कळते.

"पहिला सेट केला," चाचा म्हणाले, "शाळेच्या कमळबाईंनी दुसऱ्या दिवशी वापस भेजा. बोलल्या, एक गट्टू दोन भोकांत जातो. मी बोललो, बाई, चाळीस वर्षं रंधा मारतोय, असं होणार नाही. तर बोलल्या, मी नाही पकडलं, पोरांनी पकडलं. पाच वर्षांची पोरं! मी मोजून बघितलं. बरोबर होती."

"मग?"

"मग काय. पुन्हा केला. असे बारा वेळा केले, वेगवेगळे. आता माझ्याकडे कुणी स्टूल करायला आला तरी मी त्या पोरांची आठवण ठेवून करतो."

माप चुकलं हे कबूल करणारा माणूस मला माझ्या नोकरीत फार क्वचित भेटलेला आहे. खोली मी तिथेच पक्की केली. शाळेचं मात्र एकवीस प्रश्नांवर सोडलं.

पाड्यावरची शाळा

शाळा जामसरच्या अलीकडे एका पाड्यावर आहे. जव्हारहून जीपनं अर्धा तास आणि पुढे थोडं चालणं. शाळा सरकारीच आहे. इमारत सरकारी, पुस्तकं सरकारी, दुपारची खिचडी सरकारी, फी नाही. फक्त बालवर्गापासून पुढची शिकवायची तऱ्हा माँटेसरीची. एका लहान संस्थेनं परवानगी काढून कमळताईंना ते शिक्षण दिलं आणि त्यांनी ते हळूहळू या वर्गांत आणलं. पेणमध्ये माँटेसरी हा शब्द फक्त पाट्यांवर पाहिला होता, आणि पाटी जितकी मोठी तितकी फी मोठी, एवढंच मला त्यातलं कळत होतं.

भातं कापून झाली होती. खाचरांत नुसती धसकटं आणि घरांशेजारी पेंढ्याच्या उडव्या. शाळेच्या वाटेवर एक खळं लागलं, शेणानं सारवलेलं, मधे नागलीच्या कणसांचा ढीग. मी सरळ त्यावरून निघाले, तर कडेला बसलेली म्हातारी म्हणाली, "खळ्यावरनं नको. तिकडनं जा."

मी चपला हातात घेऊन वळसा घातला. जुईनं माझ्या चपला बघितल्या आणि आपलेही बूट काढून हातात घेतले.

वर्गात शिरले आणि आधी वाटलं, आज सुट्टी आहे. एवढी शांतता. शांत वर्ग म्हटला की मला छडीवाले मास्तर आठवतात, म्हणून मी छडी शोधली. छडी नव्हती. तीसएक मुलं जमिनीवर आपापली चटई पसरून बसली होती आणि प्रत्येक मूल काहीतरी करत होतं. एक जण नागलीचे दाणे एका लोटीतून दुसरीत ओतत होता. एक मुलगी कप धूत होती. दोघी गट्टूंची पट्टी घेऊन बसल्या होत्या, चाचांची. सगळ्या वस्तू गुडघ्याएवढ्या उंचीच्या फळ्यांवर. पाण्याचं मडकंही खाली, आणि त्याच्या बाजूला भिंतीत अगदी खाली ठोकलेल्या खिळ्यावर एक फडकं. इतक्या खाली खिळा कुणी का ठोकेल, असा विचार माझ्या मनात आला आणि गेला.

कमळताई जमिनीवरच बसलेल्या, चाळिशीच्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला. मी माझा कागद काढला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, प्रश्न सुट्टीत. आत्ता तुम्ही त्या पाटावर बसा. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. बघा फक्त."

मी पाटाकडे निघाले आणि कुठल्या तरी लाकडी ठोकळ्यांकडे बघत एका मुलीच्या चटईवरून सरळ चालत गेले. तिनं मान वर केली. केस घट्ट बांधलेले, डोळे मोठे. आवाज न चढवता ती म्हणाली, "चटईवरनं नको. तिकडनं जा."

दहा मिनिटांत दुसऱ्यांदा मला हे ऐकावं लागलं होतं. मी माघारी वळून वळसा घातला. बांधावर पाय पडला म्हणून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, पंचनामे लिहिले आहेत. त्या वर्गात पाण्याचा पेला घेऊन चालणारा चार वर्षांचा पोरगाही दुसऱ्याच्या चटईला वळसा घालून जात होता. कुणी त्याला बघत नव्हतं तेव्हाही.

तरी माझं सुधारणं काही झालं नाही. पाटावर बसल्या बसल्या समोरच्या एका लहान मुलीला फ्रॉकचा बंद बांधता येत नव्हता, तो मी वाकून बांधून दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, बंद सोडला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कमळताई लांबून हसल्या. जुई तासभर माझ्या गुडघ्याला चिकटून उभी होती. ती काही बोलली नाही, कशाला हात लावला नाही. मी मनात एक खूण केली: प्रश्न क्रमांक चार, मूल रमतं का? नाही.

तेवढ्यात माझं लक्ष मागच्या दाराबाहेर गेलं. आंब्याच्या झाडाखाली पंचवीस-तीस माणसं बसली होती. बाया, बाप्ये, म्हातारे. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. सगळे आमच्या दाराकडे बघत होते. मी कमळताईंकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

त्या मला बाहेर घेऊन गेल्या. "चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही फोनवर सांगितलं ना, मोजणी खात्यात आहे, बदलून येतेय. मी स्वयंपाकाच्या मावशींना बोलले, उद्या पाहुण्या येणार, मोजणीतल्या मॅडम आहेत, मुलीला घेऊन. त्यांनी फक्त मोजणीतल्या मॅडम एवढंच पुढे सांगितलेलं दिसतं."

पुढे बसलेला एक म्हातारा उठला. लक्ष्मणदादा म्हणतात त्यांना. "मोजणीवाली बाय तूच का?" त्यांनी विचारलं. इथं मोठ्या साहेबालाही तू म्हणतात, त्यात अपमान नसतो. पेणला मला तू म्हणणारी माझी सासू आणि नवरा एवढेच. "आम्ही सकाळधरनं बसलूं आहूं. पोरांची शाळा चालू म्हणून हाक नाय मारली."

त्यांच्या पिशव्यांत वनजमिनीच्या दाव्यांचे कागद होते. बापजाद्यांपासून कसलेली जमीन, अर्ज करून झालेला, मोजणी राहिलेली, नाहीतर नकाशा चुकलेला. ती माणसं मोजणीची वाट इतकी वर्षं बघत होती, की मोजणी शाळा बघायला आली आहे हे त्यांना खरं वाटत नव्हतं. मी हात जोडून सांगितलं, मी अजून इथं रुजूही झालेले नाही, मला काही अधिकार नाही, मी मुलीसाठी आले आहे.

लक्ष्मणदादा विचार करून म्हणाले, "मग मोजू नको. कागद वाच. वाचायला रुजू व्हावं लागतं का?"

पाच मिनिटांत येते, असं जुईला सांगून मी झाडाखाली बसले. एकेक कागद वाचला. कुणाचा जबाब जोडलेला नव्हता, कुणाच्या ठरावाची प्रत नव्हती, दोघांचे गट क्रमांक एकमेकांत अडकले होते. ज्याचं जे कमी होतं ते त्याला सांगितलं आणि पिशवीवर लिहून दिलं. एका बाईनं मधेच उकडलेलं रताळं माझ्या हातात ठेवलं. ते खाता खाता मी पुढचा कागद घेतला. कामात शिरले की माझं असं होतं. शेवटची पिशवी बंद झाली तेव्हा सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती, आणि मला आठवलं की मी एक मूल आणलं होतं.

दोन तास झाले होते. परक्या गावात, परक्या शाळेत, जिला शू सांगता येत नाही त्या पोरीला मी दोन तास टाकून बसले होते. मी धावतच निघाले. आणि शाळेच्या कुडाच्या कुंपणावर मला एक पिवळी चड्डी वाळत घातलेली दिसली, बदकांची, पाणी ठिबकत असलेली. ती मी ओळखली. झालं, इथंही झालं.

वर्गात जुई एका मोठ्या, हिरव्या, कुणाच्या तरी फ्रॉकमध्ये जमिनीवर उकिडवी बसली होती आणि फडकं पिळत होती. तिच्या शेजारी ती मोठ्या डोळ्यांची मुलगी. जुईनं मला बघितलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "आई, माझी शू झाली होती. मी पुसलं. चड्डी पण मीच धुतली. सुनीनं दाखवलं. हे फडकं ना, तिथं खालीच असतं."

ती उठली, फडकं भिंतीवरच्या त्या खालच्या खिळ्यावर अडकवलं, दोन्ही टोकं सारखी केली, आणि सुनीबरोबर नागलीच्या लोट्यांकडे निघून गेली. कुणाच्याही चटईवर पाय न देता.

मी हातपंपाशी जाऊन रडले. पंप हापसत राहिले, म्हणजे कुणाला काही वाटू नये.

मागाहून कमळताईंनी झालं ते सांगितलं. मी गेल्यावर जुई पाटाशीच उभी होती. मग खाली पाणी दिसलं. "मी दुसरीकडे तोंड केलं," त्या म्हणाल्या. "आपण मोठ्यांनी बघितलं की मुलाला आधी आपल्याकडे बघावं लागतं. सुनी उठली, तिला हाताला धरून खिळ्यापाशी नेलं. एवढंच. आमच्याकडे रोज काही ना काही सांडतं. पाणी, नागली, शू. सांडलं की पुसायचं. पेटीत कोरडे कपडे असतात. त्यात सांगण्यासारखं काही नाही."

तांदळाच्या पिंपामागच्या तीन चड्ड्यांची गोष्ट मी त्यांना सांगितली. मी ओरडले तेही सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "मीही ओरडायचे. शिकायच्या आधी बारा वर्षं ओरडतच शिकवलं मी."

मग मी माझा कागद काढला. एकवीसपैकी तीन प्रश्न उरले होते, बाकीचे मलाच विचारावेसे वाटेनात. चौथीनंतर काय? "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. जव्हारला शाळा आहेत, पण अशा नाहीत." इंग्रजी? "तिसरीपासून येतं, बरं येतं. पेणसारखं नाही येणार." आणि तुमची बदली झाली तर? यावर त्या हसल्या. "तुमची झाली तशी माझीही होईल. तोवर दुसऱ्या दोन बाई तयार करतेय." त्यांनी एकदाही शाळेची तारीफ केली नाही. उलट म्हणाल्या, "जुई कदाचित तीन महिने कुणाशी बोलणार नाही. मुलं इथं घरची भाषा बोलतात, तिला ती कळायला वेळ लागेल. तुम्हाला धीर आहे का, ते बघा."

दुपारी खिचडी झाल्यावर सुनी दारात जाऊन बसली. पाय बाहेर सोडून, रस्त्याकडे बघत. मी कमळताईंना विचारलं, कुणाची वाट बघते? तिचे आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर येतात. शाळा बुडू नये म्हणून ती आजीजवळ राहते. आजी म्हणजे सकाळची ती खळ्यावरची म्हातारी.

मी म्हटलं, "शाळा आवडते म्हणून राहिली ना पण."

"आवडते," कमळताई म्हणाल्या. "आणि आई पण आठवते. रोज जेवण झाल्यावर थोडा वेळ तिथं बसते. मी बसू देते. त्यांना दुसरा इलाज नाही, मॅडम. तुम्हाला आहे."

जुई गेली आणि सुनीच्या शेजारी पाय सोडून बसली. माझं काय ठरायचं ते बहुतेक तिथंच ठरलं. पण सासूबाईंना सांगायला ते पुरणार नव्हतं, हेही कळत होतं.

परत निघताना खळ्याला मी आठवणीनं वळसा घातला. म्हातारीनं हाक मारून ओंजळभर नागली माझ्या ओढणीत ओतली. मी नको नको म्हणाले. "कागद वाचलेस ना माझा," ती म्हणाली. तिचा कागद कुठला होता ते मला आठवेना, फार वाईट वाटलं.

खोडाळा

तिसऱ्या दिवशी गफूरचाचा कुदळी-कुऱ्हाडींचे दांडे घेऊन खोडाळ्याच्या बाजाराला निघाले होते. खोडाळा मोखाडा तालुक्यात, आणि माझ्या नव्या कामात तो तालुकाही कधीमधी येणार होता, म्हणून आम्हीही टेम्पोत बसलो. रस्ता डोंगराच्या अंगाखांद्यावरून जातो. उतारावर नागली-वरईची कापलेली शेतं, मधेच एखादा काजू, खाली दूरवर धुक्याचा पट्टा. आमच्याकडे समुद्र जवळ, त्यामुळे डोंगर असला तरी तो लवकर संपतो. इथं एकामागून दुसरा निघतच राहतो.

बाजारात सुकी मासळी बघून माझा जीव भांड्यात पडला. समुद्र एवढा लांब आणि तरी जवळा, बोंबील, सोडे, सगळं हजर. विकणारी मावशी डहाणूकडची निघाली. मी तिच्याशी बोंबलाच्या वासावरून हुज्जत घालत होते. आम्ही पेणकर त्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. तेवढ्यात माझी ओढणी ओढली गेली आणि भर बाजारात खणखणीत आवाज आला:

"आई, मला शू लागलीये."

आजूबाजूची माणसं हसली. मी जागच्या जागी उभीच राहिले. लागलीये. झाली नव्हती, लागली होती. पेणची शाळा सुरू झाल्यापासून हे वाक्य मी घराबाहेर ऐकलं नव्हतं. मावशीनं बोंबलाची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "अगं बघत काय राहिलीस, ने ना तिला! ते मागचं दार आहे, आत जा, सांग मी पाठवलंय." जुईला कडेवर घेऊन मी मिरच्यांच्या ढिगांमधून अशी पळाले की चाचांना वाटलं, काहीतरी चोरीला गेलं. वेळेत पोचलो. त्या घरच्या बाईंनी पाणी दिलं, वर जुईला गुळाचा खडा दिला. येताना बोंबील मी मावशीनं सांगितल्या भावानं घेतले.

टेम्पोत परतताना मी चाचांना विचारलं, "चाचा, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

त्यांनी आधी टेम्पो घाटाखाली उतरवला. मग म्हणाले, "माझा पोरगा चौथीत होता तेव्हा मी त्याला ठाण्याला बहिणीकडे ठेवला. शाळेसाठी. शिकला, बडा आदमी बना. पण बेटा, तो घरी येतो ना, तेव्हा पाहुण्यासारखा बसतो. विचारून पाणी घेतो." आणि त्यांनी गिअर बदलला.

पुन्हा पेण

घरी आल्यावर मी दोन दिवस विषय काढला नाही. कपडे धुतले, बोंबील भाजले, नागलीची भाकरी करायला गेले तर ती तव्यावरच तुटली. सासूबाईंनीही विचारलं नाही. त्या विचारत नाहीत तेव्हा त्यांना सगळं जाणून घ्यायचं असतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि जुईच्या हातून दुधाचा पेला कलंडला. स्वयंपाकघरभर दूध. मी आतल्या खोलीच्या दाराआडून बघत होते. जुनी सवय अशी, की जुई अशा वेळी पिंपामागे जाऊन उभी राहायची आणि सासूबाई "असू दे गं बाय" म्हणत स्वतः पुसायच्या.

जुई पिंपामागे गेली नाही. ती ओट्यापाशी गेली, हात वर केला. फडकं खिडकीच्या गजाला, तिच्या हातापासून दोन वीत वर. तिनं टाचा उंचावून पाहिल्या. मग म्हणाली, "आजी, हे फडकं इतकं वर का ठेवलंय? मी पुसणार कशी?"

"दे, मी पुसते."

"माझं सांडलंय ना. मी पुसते. सुनीच्या शाळेत फडकं खाली असतं."

मग तिनं आजीला सगळं सांगितलं. चटई, खळं, गट्टू, बदकांची चड्डी कुंपणावर कशी वाळली ते. सुनी दारात बसते तेही सांगितलं. "तिची आई लांब असते म्हणून," जुई म्हणाली. "मी पण बसले तिच्याबरोबर." त्यावर सासूबाईंचं सुपातलं निवडणं थांबलं.

मी बाहेर आले तेव्हा दूध पुसलं गेलं होतं. अर्धं दूध जुईच्या फ्रॉकला होतं, फरशीवर रेघा होत्या, पण पुसलं तिनंच होतं. आणि सासूबाई, ज्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, त्या एक पाय लांब करून भिंतीशी बसल्या होत्या आणि बत्त्यानं एक खिळा ठोकत होत्या, जमिनीपासून हातभर उंचीवर. जुई तिथं उंची दाखवायला उभी होती.

"आई, मी ठोकते ना," मी म्हटलं.

"होतंय मला." त्यांनी शेवटचा ठोका घातला, फडकं अडकवलं, टोकं सारखी केली. उठवून घ्यायला माझ्याकडे हात पुढे केला, आणि उठता उठता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हा खिळा काढू नका हं कुणी. सुट्टीला येईल तेव्हा लागेल तिला."